तोंडपाठ पाठातली ओळ गळते आणि मग दिवसभर मनच लागत नाही

अर्धीओळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं करत दोन महिने गेले. माझं वय ६८. गेली चाळीस वर्षं मी पहाटे उठून एक पाठ म्हणते, वीसेक मिनिटांचा, तोंडपाठ. कुठला ते सांगत नाही, त्यावरून इथे वाद नकोत. तर यंदा असं व्हायला लागलंय की मधलीच एक ओळ गळते. गळते म्हणजे जीभ पुढे निघून जाते आणि चार ओळींनंतर माझ्या लक्षात येतं की काहीतरी राहिलं. मागे जाते, परत तिथेच अडखळते, मग रडू येतं.

आता तर पहाटे चारला जाग येते आणि पहिला विचार हाच, आज येईल का ती ओळ. आली तर दिवस बरा. नाही आली तर दिवसभर मी स्वतःला तपासत बसते, शेजारणीच्या नातवाचं नाव काय, काल कुणाचा फोन आलेला, किल्ली कुठे ठेवली, असं सगळं. डॉक्टरांकडे जाऊन आले. मोका नावाची स्मरणशक्तीची चाचणी घेतली त्यांनी, ३० पैकी २७ मिळाले, म्हणाले सध्या काळजीचं कारण दिसत नाही, सहा महिन्यांनी परत करू. पण "सध्या" म्हणाले ना.

नवरा म्हणतो काही दिवस पाठ बंद ठेव. दीर म्हणतात उलट वाढव, साधना कमी पडतेय. आणि एक गोष्ट घरात कुणालाच सांगितली नाहीये, इथे नाव लपवून लिहिता येतं म्हणून लिहिते. मला वाटतं तो माझ्यावर रागावलाय. ज्याच्यासाठी इतकी वर्षं म्हटलं त्यानेच ते शब्द काढून घेतले. हे चुकीचं आहे हे कळतं हो, पण पहाटे चारला नाही कळत.

पाठ चालू ठेवू का सोडू?

निवांत_साठी

काकू अजिबात टेन्शन घेऊ नका!! पाठाबरोबर ध्यान सुरू करा, रोज २० मिनिटं. ध्यानाने मेंदू वाढतो हे सिद्ध झालेलं आहे, स्मरणशक्ती तल्लख होते. सोडू मात्र नका, सोडलंत की संपलं.

खोडरबर

"सिद्ध झालेलं आहे" म्हणताना कुठे ते पण लिहीत जा राव.

२०२२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. ६५ ते ८४ वयाचे ५८५ लोक, सगळ्यांची तक्रार हीच की विसरायला होतंय पण डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) कुणालाच नाही, म्हणजे जवळपास ताईंच्याच गटातले. काहींना माइंडफुलनेस, म्हणजे आताच्या क्षणावर लक्ष ठेवायचं ध्यान शिकवलं, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही, आणि उरलेल्यांना नुसते आरोग्याच्या माहितीचे वर्ग. सहा महिन्यांनी स्मरणशक्तीत गटागटांत फरक नाही, दीड वर्षाने बघितलं तरी नाही. त्याच वर्षी फ्रान्समधलाही एक प्रयोग छापून आला, ६५ च्या पुढच्या लोकांना दीड वर्ष ध्यान करायला लावलं आणि मेंदूचे ठरवून ठेवलेले भाग मोजले. आकार वाढला नाही, रक्तपुरवठाही वाढला नाही.

ध्यान करू नका असं म्हणत नाहीये. मेंदू वाढेल म्हणून करू नका एवढंच.

निवांत_साठी

आणि ते १२ मिनिटांच्या मंत्रध्यानाचं काय? त्यात फायदा दिसला होता, मी वाचलंय.

खोडरबर

दिसला होता, बरोबर आहे. विसरण्याची तक्रार असलेले ६० लोक, रोज १२ मिनिटं, १२ आठवडे. पण निम्म्यांना ध्यान दिलं होतं आणि निम्म्यांना नुसतं संगीत ऐकायला सांगितलं होतं, आणि स्मरणशक्ती दोन्हीकडे सुधारली. काहीच न करणारा तिसरा गट ठेवलाच नव्हता, त्यामुळे चाचणी दुसऱ्यांदा देताना सराव झाला म्हणून मार्क वाढले की खरंच काही झालं हे सांगता येत नाही. हां, मूड आणि ताण यात मात्र ध्यानवाले थोडे पुढे होते. हे तुमच्या बाजूने, घ्या.

चष्मिष्ट

मला ते नन लोकांवरचं संशोधन आठवलं. त्यात प्रार्थना करणाऱ्या बायकांचे मेंदू म्हातारपणी चांगले राहिले असं काहीतरी होतं ना?

खोडरबर

काहीतरी होतं पण ते नाही. १९८६ ला सुरू झालं ते, ७५ च्या पुढच्या ६७८ नन, दरवर्षी चाचण्या, मृत्यूनंतर मेंदूदान. गाजलं ते दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे काही जणींच्या मेंदूत अल्झायमरचे डाग भरपूर सापडले पण जिवंतपणी त्या ठणठणीत होत्या. दुसरं म्हणजे तरुणपणी त्यांनी स्वतःबद्दल जे लिहून दिलेलं त्यात एकेका वाक्यात किती विचार भरलेत यावरून पुढच्या धोक्याचा थोडा अंदाज येत होता. आता प्रार्थना म्हणाल तर ती सगळ्याच जणी करत होत्या, म्हणजे प्रार्थनेचा परिणाम शोधायला ही सगळ्यात निकामी जागा! न करणारी एक तरी हवी ना तुलनेला.

निवृत्त_पांढराकोट

तुमचं भांडण रंगलंय पण एक लक्षात येतंय का, तुम्ही दोघं स्मरणशक्तीवर बोलताय आणि बाईंनी लिहिलंय मनाबद्दल. पहाटे चारला जाग, उठल्याबरोबर धास्ती, रडू येणं, आपण अपराधी आहोत असं वाटणं, दिवसभर स्वतःची तपासणी. मी मानसोपचारात आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे, इथून निदान करणार नाही आणि कुणी करूही नये. पण हे माझ्यासमोर आलं असतं तर मी आधी डिप्रेशन आणि अँक्झायटीबद्दल विचारलं असतं, ओळीबद्दल नंतर.

आधी शब्द नीट लावून घेऊ कारण लोक सगळं एकाच टोपलीत टाकतात. स्वतःला वाटतंय की विसरतोय पण चाचणी ठीक येतेय, ही एक अवस्था. त्यातले बरेच लोक पुढे कधीच डिमेन्शियाकडे जात नाहीत. दुसरी एमसीआय, चाचणीतही कमी दिसतं पण रोजचे व्यवहार चालू असतात. यातले काही पुढे सरकतात, काही तिथेच राहतात आणि काही तर परत नॉर्मलला येतात. डिमेन्शिया तेव्हा म्हणायचं जेव्हा व्यवहारच अडायला लागतात, पैसे, औषधं, रस्ता. मोकामध्ये साधारण २६ आणि वर ठीक धरतात, तुमचे २७ आहेत. "सध्या" हा शब्द डॉक्टर सगळ्यांनाच वापरतात, आम्हाला भविष्य सांगता येत नाही म्हणून.

म्हातारपणचं डिप्रेशन फार फसवं असतं. माणूस "मी दुःखी आहे" असं म्हणतच नाही, "माझं डोकं चालत नाही" म्हणतो. माझ्या अनुभवात डिप्रेशनवाला स्वतः तक्रार घेऊन येतो, प्रश्न विचारला की प्रयत्न करायच्या आधीच "मला नाही येणार" म्हणतो. डिमेन्शियात बऱ्याचदा उलटं, घरचे काळजीत आणि स्वतः पेशंट म्हणतो मला काय झालंय. हा नियम नाही हं, दोन्ही एकत्र असू शकतात, आणि उतारवयात पहिल्यांदाच आलेलं डिप्रेशन कधीकधी पुढच्या आजाराची चाहूलही असते, म्हणूनच तर ते अंगावर काढायचं नाही. १५ हो-नाही प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली असते, खास ज्येष्ठांसाठीची, ती भरून घ्यायला सांगा. शिवाय थायरॉइड, बी-१२, कान तपासणी, आणि झोपेत घोरणं किंवा श्वास अडकणं हे विचारा. घेता ती सगळी औषधं पिशवीत घालून घेऊन जा. झोपेच्या गोळ्या, ॲलर्जीच्या जुन्या गोळ्या, लघवी आवरण्याच्या काही गोळ्या, या स्मरणावर धुकं आणतात. स्वतःहून मात्र एकही बंद करू नका, झोपेच्या तर नाहीच नाही.

राहिली ओळ. चाळीस वर्षं म्हटलेला पाठ हा आठवून म्हणायचा नसतोच, तो जिभेला येत असतो. जिना उतरताना पाय कुठे पडतोय हे बघायला लागलात तर चाळिशीतला माणूसही अडखळेल. तुम्ही रोज त्या ओळीवर टॉर्च मारून उभ्या आहात.

प्रारब्ध_भोग

ताई, हे भोग असतात. भोगूनच संपतात. मागचं काहीतरी राहिलेलं असतं. शांतपणे स्वीकारा.

तिरकस

प्रारब्ध, तुमचा पासवर्ड विसरला की तो कुठल्या जन्मातला हो?

मी ७२. मला एमसीआय आहे, चाचणीने सांगितलेलं, वाटतंय म्हणून नाही. देव मानत नाही, आयुष्यभर मानला नाही. निदान झाल्यावर जो भेटेल तो म्हणतो श्रद्धा ठेवा. जणू विसरलो ते नास्तिक होतो म्हणून. वर एका ठिकाणी "स्मृतिजागृती" शिबिरात बायकोच्या आग्रहाने गेलो, तिथे भरपूर पैसे घेऊन आम्हाला सांगितलं की गोळ्यांनी ऊर्जा अडते. ऊठलो आणि आलो. कुणी औषध सोडायला सांगितलं की समजायचं हा आपला नाही, मग भगवे घातलेले असोत, पांढरे असोत नाहीतर सूट.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२४ मध्ये डिमेन्शियाची बदलता येण्यासारखी १४ कारणं दिलीत, सगळी आटोक्यात आणली तर जगभरातल्या ४५ टक्के केसेस टळू किंवा लांबू शकतात असा त्यांचा अंदाज. ऐकू न येणं आहे त्यात, बीपी, शुगर, एकटेपणा, डिप्रेशन पण आहे. अश्रद्धा नाहीये, मी दोनदा बघितलं.

खोडरबर

प्रारब्धसाहेब, तुमची प्रतिक्रिया निरुपद्रवी नाहीये. पार्गामेंट म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, श्रद्धेचा आधार घेण्याच्या पद्धतींवर त्यांचं काम आहे. देव सोबत आहे असं वाटणं एक, आणि देवाने टाकलं, तो शिक्षा देतोय असं वाटणं दुसरं. २००१ मध्ये त्यांनी दाखवलं की दवाखान्यात दाखल झालेल्या ५५ वर्षांवरच्या सुमारे ६०० लोकांत ज्यांच्या मनात हा दुसरा झगडा होता त्यांच्यात पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचं प्रमाण

काठावरची

खोडरबर, थांबा. ज्या बाईला नेमकी तीच भीती आहे तिला तुम्ही मृत्यूचं प्रमाण सांगताय.

खोडरबर

हो. चुकलं माझं. मुद्दाम अर्धवट ठेवतो वरचं वाक्य. ताई, ते दवाखान्यात असलेले आजारी लोक होते, तुमच्याशी संबंध नाही. मला एवढंच म्हणायचं होतं की "तो रागावलाय" ही गोष्ट मनातल्या मनात ठेवण्यातली नाही, डॉक्टरांना ओळीइतकंच महत्त्वाचं म्हणून सांगण्यातली आहे.

शेजारी_बसणारा

मी आजारी माणसांजवळ जाऊन बसण्याचं काम करतो, पगारी नाही. सगळ्या धर्मांचे भेटतात, कुठलाच नसलेलेही.

देवावर रागावलेले लोक मी खूप बघितलेत आणि खरं सांगू का ताई, मला त्यांची काळजी कमी वाटते. जे गप्प होतात, "त्याची इच्छा" म्हणून भिंतीकडे तोंड करतात त्यांची जास्त वाटते. तुमचा देव रागावलाय असं वाटतंय तर एकदा तुम्हीही रागवून बघा, मोठ्याने, पाठाच्या वेळेलाच. चाळीस वर्षांचं नातं आहे, तेवढा हक्क आहे.

आणि तुमच्या परंपरेतलंच कुणी जाणतं माणूस असेल तर त्याच्याशी बोला, पण आधी एक गोष्ट बघा. तो तुमचं ऐकतो किती आणि सांगतो किती. पहिल्या पाच मिनिटांत उपाय देणारा नको. डॉक्टरांकडे जाण्याला पर्याय म्हणून तर कुणीच नको, ते दोन्ही हवं.

काठावरची

माझ्या आईला अल्झायमर होऊन सात वर्षं झाली. काकू, तुम्हाला तिच्यासारखं होईल म्हणून लिहीत नाहीये, तुमच्या पोस्टमध्ये तसं काही दिसतही नाही. पण त्या टोकाला काय असतं याची आपण जी कल्पना करतो ना ती खऱ्यापेक्षा वेगळी असते म्हणून सांगते.

आईला माझं नाव येत नाही. तिची लहानपणची प्रार्थना येते. मी पहिले दोन शब्द म्हटले की पुढचं ती म्हणते, सुरात. डॉक्टरांनी समजावलं की नवीन गोष्टी साठवायचं मेंदूतलं काम आधी बिघडतं, पण लहानपणी घोकून पक्कं झालेलं, तालासुरातलं, शरीराला सवय झालेलं बऱ्यापैकी मागे राहतं. मग आम्ही उत्साहात तिला सगळंच म्हणायला लावायला लागलो, पाहुणे आले की "आई म्हणून दाखव". एक दिवस ती मधेच अडली, आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत, आणि तिने हातातलं फडकं फेकलं. ऊठून गेली. तेव्हा कळलं की आम्ही तिची परीक्षा घेत होतो. आता कुणी दाखवायला सांगत नाही. मी शेजारी बसून म्हणते, तिला वाटलं तर ती येते माझ्या आवाजात, नाही वाटलं तर नुसती बसते.

अजून एक. अल्झायमरच्या लोकांना दुःखी आणि आनंदी फिल्मचे तुकडे दाखवून २०१४ मध्ये एक छोटा प्रयोग झाला होता. थोड्या वेळाने त्यांना काय बघितलं ते जवळजवळ आठवत नव्हतं पण मनातली भावना तशीच होती. हे मी वाचलं आणि रडले, कारण घरात आम्ही रोज बघतो ते. सकाळी शांत बसलो तर दुपारपर्यंत घर बरं असतं आणि तिला सकाळचं काहीही आठवत नसतं.

शब्दवेडा

अवांतर: अध्यात्म म्हणजे देवधर्मच असं या धाग्यात सगळे धरून चाललेत. तिरकस, तुम्ही नास्तिक आहात ते कळलं, पण निदान झाल्यावर तुम्हाला आधार कशाचा वाटतो? वाद घालायला नाही विचारत.

तिरकस

रात्री गच्चीत जातो. आकाश बघतो. कोणता तारा कोणता हे मला पूर्वी घडाघडा येत होतं, आता चुकतं. तारे काही म्हणत नाहीत.

भीती विसरण्याची नाहीच मुळात. भीती ही की विसरत गेलो तर उरेल तो मी असेन का. किटवूड नावाचे एक इंग्लंडचे मानसशास्त्रज्ञ होते, डिमेन्शियावर काम केलेले, त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की माणूसपण नुसतं डोक्यात साठवलेलं नसतं, ते आजूबाजूचे लोक आपल्याला देत असतात. म्हणजे मी मला विसरलो तरी बायको मला धरून ठेवेल. हे वाचून बरं वाटलं आणि लगेच तिची दया पण आली. याला अध्यात्म म्हणायचं तर म्हणा, मी नाही म्हणणार.

काठावरची

तिरकस, तिच्यासाठीही काहीतरी बघा. सांभाळणारे फार लवकर रिकामे होतात. डिमेन्शियाच्या ३९ केअरगिव्हर्सना रोज १२ मिनिटं मंत्रध्यान किंवा शांत संगीत दिलं होतं, आठ आठवडे, २०१२ चं आहे. ध्यानवाल्यांचा उदासपणा जास्त कमी झाला. लहान प्रयोग आहे, खोडरबर ओरडायच्या आधी मीच सांगते. पण ती १२ मिनिटं मला कुणी हाक मारत नाही, मला एवढं कारण पुरतं.

अर्धीओळ

सगळं वाचलं. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा विसरले म्हणून नव्हे.

काठावरची, तुझ्या आईने फडकं फेकलं तिथे मी थांबले. मी रोज पहाटे हेच करतेय गं. पाहुणेही मीच आणि आईही मीच. म्हणायला बसते म्हणते पण खरं तर पेपर सोडवायला बसते. पूर्वी पाठ म्हणताना मी कुठे असायचे ते मला आठवतही नाही, आणि तेच बरं होतं.

डॉक्टर, ॲलर्जीची गोळी घेते मी, रोज रात्री, कित्येक वर्षं, त्याने झोप पण लागते म्हणून. ती औषधात धरायची असते हे माहीतच नव्हतं, त्यांना सांगितली नव्हती. पुढच्या आठवड्यात जाते.

निवृत्त_पांढराकोट

पिशवीत आधी तीच टाका.

निवांत_साठी

काकू सॉरी, मी जरा घाईच केली पहिल्या प्रतिक्रियेत. मला ध्यानाने माझ्या घाबरण्याचा त्रास कमी झालाय म्हणून सगळ्यांना सांगत सुटतो. एक विचारू का डॉक्टर, ध्यानाने कुणाला त्रास पण होतो का? आमच्या ग्रुपमध्ये एक बाई मधेच उठून जातात नेहमी.

निवृत्त_पांढराकोट

होतो काहींना. डोळे मिटून गप्प बसलं की दबलेली धास्ती वर येते, काहींना जुने वाईट प्रसंग दिसायला लागतात. अशांनी डोळे उघडे ठेवून चालत करावं, कमी वेळ करावं, किंवा करूच नये, त्यात कमीपणा नाही. आणि ज्येष्ठ माणसाला अचानक माणसं किंवा प्राणी दिसायला लागले तर त्याला साक्षात्कार समजून बसू नका, डिमेन्शियाच्या एका प्रकारात तसं दिसतं, नजर खूप कमी झाली तरी दिसतं, आणि एक-दोन दिवसांत एकदम गोंधळ सुरू झाला तर इन्फेक्शनही असू शकतं. हे शेवटचं त्याच दिवशी दाखवण्यातलं.

तुम्हाला सांगण्यासारखा आणखी एक प्रयोग आहे. चार देशांतल्या मेमरी क्लिनिकमध्ये आलेले १४७ लोक, हीच विसरण्याची तक्रार. अर्ध्यांना आठ आठवडे माइंडफुलनेस, अर्ध्यांना स्वतःच्या तब्येतीची काळजी कशी घ्यायची याचे तसेच गटातले वर्ग. अस्वस्थता दोन्हीकडे सारखीच कमी झाली. माझा आपला अंदाज, दर आठवड्याला सारखीच भीती असलेल्या लोकांत जाऊन बसणं हेच अर्धं काम करत असावं.

अर्धीओळ (३ आठवड्यांनी)

अपडेट द्यायचं राहिलं होतं. ती १५ प्रश्नांची प्रश्नावली भरली, ९ आले, डॉक्टर म्हणाले हे उपचार करण्यासारखं आहे. समुपदेशन सुरू केलंय, एक गोळीही, तिला परिणाम दाखवायला काही आठवडे लागतील म्हणाले. ॲलर्जीची गोळी बदलली. बी-१२ थोडं कमी निघालं. "तो रागावलाय" हे पण सांगितलं, सांगताना वाटलं होतं हसतील. हसले नाहीत, लिहून घेतलं.

पाठ सोडला नाही. मोठ्या अक्षरात कागदावर लिहून समोर ठेवलाय. पहिले चार दिवस फार अपमान वाटला, चाळीस वर्षांनी कागद! मग नवरा येऊन शेजारी बसायला लागला, त्याला पाठ येत नाही, तो कागद बघून वाचतो आणि भयंकर चुकतो. त्याच्या चुका दुरुस्त करण्यात माझी ओळ कधी येऊन जाते कळत नाही. कधी येतही नाही. परवा दोघांनीही गाळली आणि संपल्यावर लक्षात आलं.

जाग अजून चारलाच येते. सहा महिन्यांनी परत चाचणी आहे, तिची भीती आहेच. रागवून बघितलं का विचाराल शेजारी_बसणारा, तर हो, एकदा. आवाज इतका चढला की नवरा उठून आला, त्याला वाटलं त्याच्यावरच ओरडतेय.

तिरकस

त्याला सांगितलंत का की नाही म्हणून?

अर्धीओळ

नाही. त्याचंही थोडं बाकी होतं.